उंदराच्या आतड्यापासून ऑर्गनॉइड कसे वाढवावे आणि त्यातून पेशींचे संकेत कसे वाचावे

उंदराच्या लहान आतड्याच्या अस्तरातून एक सूक्ष्म खळगी, म्हणजे क्रिप्ट, अलगद सुटी करून ती योग्य जेलमध्ये आणि मोजक्या प्रथिनांच्या सान्निध्यात ठेवली, तर आठवड्याभरात तिच्यापासून आतड्याची एक छोटी प्रतिकृती तयार होते. हिलाच ऑर्गनॉइड म्हणतात. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ साली ही पद्धत सिद्ध केली. आज पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही ती दोन-तीन महिन्यांच्या सरावाने साधते. पण अनेक विद्यार्थी ती केवळ पाककृतीसारखी पाठ करतात, आणि माध्यमात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, कोणता पदार्थ कशासाठी घातला हे विचारले की गडबडतात. म्हणून या मार्गदर्शिकेत कृतीबरोबरच प्रत्येक घटकामागचे कारणही दिले आहे. या माध्यमातील प्रत्येक प्रथिन हा भ्रूणाच्या घडणीतही वापरला जाणारा एक संकेत आहे, आणि आतड्याचा कर्करोग होताना पेशी नेमक्या याच संकेतांची गरज एकेक करून झुगारत जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर प्लेटमधील प्रत्येक बदलाचा अर्थ लागू लागतो.

आधी समजून घ्यावे असे थोडेसे

लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांना विली म्हणतात, आणि त्यांच्या पायथ्याशी क्रिप्ट्स असतात. उंदरात हे अस्तर तीन ते पाच दिवसांत संपूर्ण नवे होते. ही झीज भरून काढणाऱ्या मूलपेशी क्रिप्टच्या तळाशी, पॅनेथ पेशी नावाच्या स्राव सोडणाऱ्या पेशींच्या मधोमध दाटीने बसलेल्या असतात. एका क्रिप्टमध्ये त्या साधारण पंधरा असतात आणि दिवसातून सुमारे एकदा विभागतात. एलजीआर५ हे प्रथिन ही त्यांची खूण असल्याचे निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले.

या मूलपेशींना जागते ठेवणारा मुख्य संकेत म्हणजे विंट. हा संकेत नसतो तेव्हा पेशीत एपीसी, अ‍ॅक्सिन आणि काही किनेज विकरे यांचे एक संकुल बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवून त्याचा सतत नाश करत असते. विंट पेशीपटलावरील फ्रिझल्ड या ग्राहीला, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की हे संकुल निष्प्रभ होते, बीटा-कॅटेनिन साठते, केंद्रकात जाते आणि टीसीएफ४ या प्रथिनाच्या साहाय्याने विभाजनाची जनुके चालू करते. टीसीएफ४ नसलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात विभागणाऱ्या पेशींचा कप्पाच तयार होत नाही आणि ती पिल्ले जन्मानंतर लवकरच मरतात, हे १९९८ मध्ये दिसून आले. म्हणजे हाच संकेत भ्रूणात आतडे घडवतो आणि प्रौढ वयात ते टिकवून धरतो.

विंट या नावाचा अर्धा भाग ‘विंगलेस’ या फळमाशीच्या जनुकावरून आला आहे. पंख नसलेली ही उत्परिवर्तित माशी आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये नोंदवली आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह तिचे सविस्तर वर्णन केले, तेही नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतून. दुसरा अर्धा भाग ‘इंट-१’ या जनुकाचा. उंदरांच्या स्तनातील गाठींमध्ये ते रोएल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांना १९८२ मध्ये सापडले होते. ही दोन्ही मुळात एकच जनुके आहेत हे १९८७ मध्ये कळले. माशीचा पंख आणि उंदराची गाठ एकाच नावात एकत्र आली ती अशी, आणि आपल्या विद्यार्थ्यांना दिल्लीतला तो आरंभ ठाऊक असायला हवा असे मला मनापासून वाटते.

सुरुवात करण्यापूर्वी

प्राण्यांवरील प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीतिविषयक समितीची मंजुरी लागते. ती हाती आल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये. दुसऱ्या कामासाठी आधीच मंजूर झालेल्या उंदरांची आतडी मिळू शकत असतील, तर ती वापरण्याची परवानगी मागणे अधिक योग्य, कारण सरावासाठी स्वतंत्र प्राणी लागू नयेत.

क्रिप्ट्स ज्यात रुजवायच्या ते जेल, म्हणजे मॅट्रिजेल, फ्रिजमध्ये, बर्फावर, रात्रभर वितळू द्यावे. हे जेल थंड असताना पातळ असते आणि तापमान वाढू लागले की घट्ट होते, म्हणून त्यासाठीच्या टिपाही फ्रीझरमध्ये ठेवून गार कराव्यात. याउलट २४ खळग्यांची प्लेट आदल्या दिवशीच ३७ अंश सेल्सिअसच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवावी, म्हणजे जेलचा थेंब पडताक्षणी घुमटासारखा बसतो आणि पसरत नाही. फॉस्फेट बफर भरपूर, निदान अर्धा लिटर, बर्फात ठेवावे.

क्रिप्ट्स सुट्या करणे

सगळ्या कृतीत हाताचे कसब लागते ते इथेच, त्यामुळे घाई करू नये.

लहान आतड्याचा वरचा भाग घेऊन त्यातील मळ थंड बफरने सिरिंजच्या साहाय्याने धुऊन काढावा. बारीक कात्रीने आतडे लांबीत उभे चिरून, आतली बाजू वर करून पसरावे आणि काचपट्टीच्या कडेने हलक्या हाताने खरवडावे. या खरवडण्यात विली निघून जातात. दाब जास्त झाला तर क्रिप्ट्सही जातात, आणि तो फारच कमी पडला तर पुढे सगळा वेळ विली वेगळ्या करण्यात जातो. त्यानंतर आतड्याचे तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे करून ते ५० मिलिलिटरच्या नळीत थंड बफरमध्ये घ्यावेत आणि १० मिलिलिटरच्या पिपेटने वर-खाली करून धुवावेत. वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा आठ-दहा वेळा तरी, हे करावे लागते. धुणे अपुरे राहिले तर आतड्यातील जिवाणू जेलमध्ये जातात, आणि मग प्रतिजैविकेही पुरी पडत नाहीत.

आता तुकडे २ मिलिमोलर ईडीटीए असलेल्या थंड बफरमध्ये घालून ४ अंशांवर सुमारे ३० मिनिटे हळूहळू हलत ठेवावेत. ईडीटीए कॅल्शियम बांधून घेते, त्यामुळे अस्तर आणि त्याखालील ऊती यांची पकड सैल होते. इथे वेळ पाळणे फार महत्त्वाचे आहे. माझ्या सुरुवातीच्या एका प्रयत्नात मी नळी तासाभराहून अधिक काळ तशीच राहू दिली होती. सूक्ष्मदर्शकाखाली क्रिप्ट्सऐवजी सुट्या पेशींचा चुरा दिसला आणि त्यातून एकही ऑर्गनॉइड उगवले नाही. क्रिप्टमधील पेशी एकमेकींना धरून असतात तोवरच त्या सहज जगतात. सुटी पडलेली पेशी लवकर मरते, आणि सुट्या पेशींपासूनच काम करायचे असेल तर पहिले दोन दिवस वाय-२७६३२ हे रो-किनेज रोधक १० मायक्रोमोलर प्रमाणात घालावे लागते.

ईडीटीए ओतून टाकल्यावर तुकड्यांवर नवे थंड बफर घालून पिपेटने जोरात वर-खाली करावे, तुकडे खाली बसू द्यावेत आणि वरचा द्राव वेगळ्या नळीत काढून घ्यावा. हीच क्रिया पाच-सहा वेळा करून प्रत्येक वेळचा द्राव स्वतंत्र ठेवावा आणि प्रत्येकातील एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पहिल्या एक-दोन द्रावांत लांबट, फिकट विली जास्त असतात, म्हणून ते टाकून द्यावेत. पुढच्या द्रावांत आखूड, बोटाच्या पेरासारख्या, एका टोकाला गोल अशा क्रिप्ट्स दिसू लागतात. कितवा द्राव चांगला, हे दर वेळी बदलते. म्हणून छापील कृतीतल्या क्रमांकापेक्षा प्रत्यक्ष जे दिसते त्यावर विश्वास ठेवावा.

चांगले द्राव एकत्र करून ७० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळावेत. विलीचे तुकडे वर अडकतात आणि क्रिप्ट्स खाली येतात. सेंट्रिफ्यूज मंद गतीने, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २०० पट बलावर, काही मिनिटेच फिरवावा. जड क्रिप्ट्स तळाशी बसतात आणि सुट्या पेशी बऱ्याच अंशी वरच राहतात. मग क्रिप्ट्स मोजून, एका खळग्यासाठी ५० मायक्रोलिटर मॅट्रिजेलमध्ये सुमारे ५०० या प्रमाणात बुडबुडे न होऊ देता मिसळाव्यात. प्लेटच्या मध्यभागी थेंब सोडावा आणि १० ते १५ मिनिटे ३७ अंशांवर घट्ट होऊ द्यावा. मॅट्रिजेलमध्ये लॅमिनिन भरपूर असते, आणि क्रिप्टच्या तळाच्या पेशींना नेमका त्याचाच आधार हवा असतो.

माध्यम आणि त्यातील संकेत

मूळ माध्यम म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड डीएमईएम/एफ१२, त्यात ग्लुटामाइन, हेपीस, प्रतिजैविके, बी२७, एन२ आणि एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन. हे पेशींचे साधे पोषण आहे आणि त्याबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. खरा अर्थ आहे तो त्यावर घातलेल्या तीन प्रथिनांत.

पहिले ईजीएफ, ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. स्टॅन्ली कोहेन यांना नवजात उंदरांच्या पापण्या वेळेआधी उघडणारा आणि दात लवकर आणणारा पदार्थ म्हणून ते सापडले, आणि १९८६ च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा होता. ते पेशीला वाढ, असे सांगते. दुसरे नॉगिन, १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. बेडकाच्या भ्रूणात पाठीकडची आणि डोक्याची बाजू घडवणारा घटक म्हणून ते १९९२ मध्ये ओळखले गेले. आतड्यात विलीखालच्या ऊतीतून बीएमपी नावाचा संकेत येत असतो. तो पेशीला विभाजन थांबवून परिपक्व व्हायला भाग पाडतो. नॉगिन या बीएमपीला बांधून ठेवते.

तिसरे आणि सर्वांत निर्णायक म्हणजे आर-स्पॉन्डिन, ५०० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. विंटचा ग्राही असलेला फ्रिझल्ड पेशीपटलावरून काढून टाकण्याचे काम आरएनएफ४३ आणि झेडएनआरएफ३ ही दोन प्रथिने सतत करत असतात. आर-स्पॉन्डिन एलजीआर५ ला चिकटून या दोघांनाच पटलावरून हटवते. फ्रिझल्ड टिकून राहतो आणि विंटचा आवाज मोठा ऐकू येतो. विद्यार्थी हमखास विचारतात की मग माध्यमात विंट स्वतः का नाही. त्याचे उत्तर क्रिप्टमध्येच आहे: लहान आतड्यातील पॅनेथ पेशी विंट३ स्वतः तयार करतात. मोठ्या आतड्यात पॅनेथ पेशी नसतात, म्हणून तिथल्या क्रिप्ट्ससाठी विंट३ए बाहेरून घालावे लागते. मानवी ऊतीसाठी आणखीही काही रोधके लागतात, पण पहिल्यांदा हात बसवायचा तर उंदराचे लहान आतडेच घ्यावे.

आर-स्पॉन्डिन विकत घेणे महाग पडते, म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा ते तयार करणाऱ्या पेशी वाढवून त्यांचे माध्यम वापरतात. तसे करायचे असेल तर प्रत्येक नवी खेप जुन्या खेपेशेजारी ठेवून तपासल्याशिवाय खऱ्या प्रयोगात वापरू नये. संकेतांविषयीचे कितीतरी चुकीचे निष्कर्ष केवळ कमकुवत खेपेमुळे निघतात.

प्रत्येक खळग्यात ५०० मायक्रोलिटर माध्यम घालून दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. काही तासांतच क्रिप्टचे उघडे टोक बंद होऊन गोळा बनतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फुटवे येऊ लागतात, आणि आठवड्याच्या शेवटी फांद्यांसारख्या नव्या क्रिप्ट्स असलेले ऑर्गनॉइड दिसते. फुटव्याच्या टोकाशी कणकण दिसणाऱ्या पेशी या पॅनेथ पेशी. मधल्या पोकळीत काळपट चुरा साठतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण आतड्यात जशा जुन्या पेशी पोकळीत गळून पडतात तशाच इथेही पडतात. पाच ते सात दिवसांनी जेल मोडून, अरुंद टोकाच्या पिपेटने ऑर्गनॉइड्सचे तुकडे करून, एकाचे चार या प्रमाणात नव्या जेलमध्ये घालावेत. यालाच पासाज म्हणतात.

संकेत काढून घेऊन पाहणे

ऑर्गनॉइड्स दोन-तीन पासाज नीट चालले की खरा प्रयोग सुरू करावा. एकाच नळीतून भरलेल्या खळग्यांचे गट करून एका गटाला पूर्ण माध्यम, दुसऱ्याला आर-स्पॉन्डिनविना, तिसऱ्याला नॉगिनविना आणि चौथ्याला ईजीएफविना माध्यम द्यावे. माध्यम बदलण्यापूर्वी मूळ माध्यमाने एकदा धुऊन घ्यावे, नाहीतर मागचे प्रथिन उरते. प्रत्येक गटात किमान तीन खळगे असावेत. पण एका उंदरापासूनचे तीन खळगे म्हणजे तीन उंदीर नव्हेत, हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे.

आर-स्पॉन्डिन काढलेला गट सर्वांत लवकर उत्तर देतो. काही दिवसांत फुटवे थांबतात, ऑर्गनॉइड्स आक्रसून काळवंडतात आणि पासाजनंतर काहीच उरत नाही. नॉगिन काढलेला गट सुरुवातीला जवळजवळ निरोगी दिसतो आणि त्याचा ऱ्हास पुढच्या पासाजमध्ये उघड होतो. म्हणून पासाज केल्याशिवाय कोणताही निकाल देऊ नये. ईजीएफच्या बाबतीत एक खोच आहे: पॅनेथ पेशी थोडे ईजीएफ स्वतःही तयार करतात, त्यामुळे नुसते ते वगळून परिणाम पुसट राहू शकतो. खात्री करायची तर ग्राहीच रोखणारे औषध, उदाहरणार्थ जेफिटिनिब, वापरावे. तसेच विंट खरोखर पेशींकडूनच येतो आहे हे पाहण्यासाठी विंटचे स्रवण रोखणारे आयडब्ल्यूपी-२ घालावे आणि शेजारच्या खळग्यात त्याच्यासोबत विंट३ए द्यावे. पहिल्यातले ऑर्गनॉइड्स मरतील आणि दुसऱ्यातले वाचतील.

आता हेच माध्यम कर्करोगाकडे वळवावे. एपीसी जनुकात जन्मजात बिघाड असलेल्या माणसांच्या मोठ्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप होतात, आणि मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत हेच जनुक बिघडलेले असते. मिन नावाच्या उंदरांत एपीसीची एक प्रत जन्मापासूनच निकामी असते. त्यांच्या निरोगी भागातून क्रिप्ट्स घेतल्या तर त्यांना आर-स्पॉन्डिन लागते. पण त्याच उंदराच्या आतड्यातील गाठीत दुसरी प्रतही गेलेली असते, बीटा-कॅटेनिनचा नाश करणारे संकुलच मोडलेले असते, आणि त्या पेशी आर-स्पॉन्डिनविना मजेत वाढतात. म्हणून गाठीचा तुकडा निरोगी ऊतीसकट काढला गेला असला तरी आर-स्पॉन्डिन न देता वाढवल्यास निरोगी क्रिप्ट्स आपोआप मरतात आणि गाठीच्या पेशी निवडल्या जातात. याहून सोपी आणि स्वच्छ निवड मला माहीत नाही.

याच तर्काने २०१५ मध्ये क्लेव्हर्स यांच्या आणि सातो यांच्या गटांनी मानवी ऑर्गनॉइड्समध्ये क्रिस्पर हे जनुक-संपादनाचे तंत्र वापरून कर्करोगाची जनुके एकेक करून बदलली. एपीसी बिघडवल्यावर पेशींना विंट आणि आर-स्पॉन्डिन लागेनासे झाले, केआरएएस बदलल्यावर ईजीएफ, आणि एसमॅड४ काढल्यावर नॉगिन. टीपी५३ बिघडलेल्या पेशी निवडण्यासाठी नटलिन-३ हे औषध घातले गेले, कारण निरोगी पेशी त्यात थांबतात. असे बदल साठलेल्या पेशी उंदरांत रोपल्यावर वाढल्या आणि त्यांच्या गाठी झाल्या.

गोल दिसणाऱ्या प्रत्येक गोळ्याला गाठ समजू नये

एपीसी गमावलेले ऑर्गनॉइड फुटवे फोडत नाही, तर पातळ भिंतीचा गोल फुगा होते. इथे नवशिके हमखास फसतात. पहिल्या दिवशीचे निरोगी ऑर्गनॉइडही गोलच असते. विंट३ए किंवा बीटा-कॅटेनिनचा नाश रोखणारे सीएचआयआर-९९०२१ जास्त झाले तरी ते गोलच राहते. आणि गर्भातील पिलाच्या आतड्यातून घेतलेल्या पेशी तर मुळातच गोल फुगे बनवतात, हे २०१३ मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी दाखवले. उंदराच्या भ्रूणात साधारण १५ व्या दिवसाच्या सुमारास विली दिसू लागतात, पण क्रिप्ट्स आणि पॅनेथ पेशी जन्मानंतरच्या दोन आठवड्यांत तयार होतात. गर्भावस्थेतील अस्तराला अजून क्रिप्ट नसते, आणि तिथले फुगे त्याच अवस्थेची आठवण धरून असतात. प्रौढ आतड्याला इजा झाली तर भरून येताना त्यातील काही पेशी तात्पुरत्या याच गर्भसदृश अवस्थेकडे जातात.

म्हणून फुगा दिसला की पुढील क्रम पाळावा. आधी वय पाहावे आणि तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. त्यानंतर सीएचआयआर किंवा विंट३ए काढून नेहमीचे माध्यम द्यावे. फुटवे परत आले तर तो केवळ बाहेरच्या संकेताचा परिणाम होता. नाही आले तर आर-स्पॉन्डिन काढून एक पासाज करावा. जे टिकेल त्यात बीटा-कॅटेनिनवरील प्रतिपिंडाने रंग देऊन ते केंद्रकात साठले आहे का ते पाहावे, आणि जनुकांची पातळी मोजताना एलजीआर५ व अ‍ॅक्सिन२ यांच्या जोडीला ट्रॉप२ ही मोजावे. गर्भावस्थेतील फुग्यांत ट्रॉप२ जास्त आणि एलजीआर५ कमी असते, तर एपीसी गेलेल्या पेशींत एलजीआर५ आणि अ‍ॅक्सिन२ दोन्ही वाढलेले असतात. परंतु गाठीच्या पेशींतही गर्भावस्थेची काही जनुके जागी होऊ शकतात, त्यामुळे एकट्या ट्रॉप२ वरून निर्णय देऊ नये. शेवटी एपीसी जनुकाचा क्रम वाचून बिघाड प्रत्यक्ष दिसल्यावरच त्या खळग्याच्या नोंदीत ‘एपीसी गमावलेले’ असे लिहावे.